रिकाम्या ताटलीची रेषा

एप्रिल निम्मा सरला की तासगावकडची मुलं वर्गात येताना गंधकाचा वास घेऊन येतात. द्राक्षं उतरून झालेली असतात, बेदाण्याच्या शेडमधले रॅक भरलेले असतात, आणि घरच्या कामाला सकाळी हात लावून ही मुलं एसटीने सांगलीला प्रॅक्टिकल परीक्षेला येतात. बेदाण्याला देतात त्या गंधकाच्या धुरीचा वास त्यांच्या कपड्यांत इतका मुरलेला असतो की बाहेरून आलेले परीक्षक प्रयोगशाळेत पाऊल टाकताच विचारतात, "रसायनशास्त्र विभाग शेजारीच आहे वाटतं?" मी हो म्हणतो. खरं सांगायला गेलो तर विषय बेदाण्याच्या सौद्यापर्यंत जातो आणि परीक्षा राहून जाते.

परीक्षेची पहिली पायरी ठरलेली आहे. क्ष-किरणांच्या यंत्रात आधी रिकामी ताटली ठेवायची. ताटली म्हणजे तळहाताहून लहान अशी ॲल्युमिनियमची चकती, मध्ये उथळ खळगा असलेली. त्या खळग्यात पदार्थाची बारीक पूड दाबून बसवायची असते. पण त्याआधी काहीही न घालता एक आलेख काढायचा. कशासाठी, असं विचारलं तर पुस्तकी उत्तर मोठं आहे. साधं उत्तर असं, की ताटलीचं स्वतःचं काय म्हणणं आहे ते एकदा ऐकून घ्यावं, म्हणजे पुढे तिची बडबड पदार्थाच्या नावावर जमा होत नाही. ही रीत माणसांना लावता आली असती तर आपल्याकडचे निम्मे सत्कार समारंभ वाचले असते.

त्या रिकाम्या आलेखात एका जागी माझी नजर दर वर्षी थांबते. गंधकाचा वास तेवढ्यात पुन्हा नाकात शिरतो, आणि कोरोनाच्या दुसऱ्या लाटेतला तो एप्रिल समोर येऊन बसतो. कॉलेज बंद होतं. सायकल स्टँडवर एकही सायकल नव्हती. फाटकाबाहेर गुलमोहराखाली एक पांढरी गाडी उभी होती आणि गाडीत मागच्या सीटवर एक बाई मांडीवर मडकं घेऊन बसली होती.

यंत्राबद्दल आधी सांगायला हवं, कारण सगळं त्याच्या उद्घाटनापासून सुरू झालं.

आमच्या कॉलेजात हे यंत्र आलं तेव्हा मांडव घातला होता. यंत्राला झेंडूचा हार होता, पुढे रांगोळी होती, आणि यंत्रावर नारळ फोडायचा आग्रह शेवटच्या क्षणी मागे घेतला गेला कारण कंपनीच्या माणसाने डोळे मिटून घेतले. उद्घाटक मोठे नेते होते. त्यांनी यंत्राभोवती एक फेरी मारली, काचेतून आत पाहिलं आणि माझ्या कानाशी लागून विचारलं, "गुडघ्याचा काढाल का एक?" मी म्हणालो, "साहेब, हे दवाखान्यातलं नाही. यात फोटो निघत नाही." त्यांचा चेहरा पडला. एवढ्या मोठ्या यंत्रात साधा गुडघा निघत नाही म्हटल्यावर मलाही क्षणभर ओशाळल्यासारखं झालं. भाषणात मात्र आमच्या प्राचार्यांनी सगळी भरपाई केली. ते म्हणाले, "चिमूटभर धूळ द्या, हे यंत्र तिची जन्मकुंडली मांडेल!" टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी ते वाक्य छापून आलं, आणि त्यापुढच्या दिवसांत ते सगळ्यांच्या मोबाइलवर फिरलं.

पुढच्या रांगेत देणगीदार बसले होते. विट्याकडची बरीचशी माणसं देशभरच्या शहरांत गलाईची दुकानं चालवतात. सराफांकडचं जुनं सोनं आटवायचं, त्यातली खोट काढायची आणि शुद्ध करून परत द्यायचं, हा त्यांचा धंदा. त्या रांगेतले एक होते तात्या. उभं आयुष्य तिकडे दक्षिणेत, तमिळ मुलखातल्या एका शहरात काढलेलं, आणि दुकान थोरल्या मुलाच्या, संजूच्या हातात देऊन नुकतेच गावी परतलेले. शाल आणि श्रीफळ काखेत धरून ते कार्यक्रम संपल्यावर माझ्याकडे आले. त्या दिवशी यंत्राबद्दल खरा प्रश्न विचारणारा तो एकच माणूस.

"सर, सोनं बगतं का हे?"

"बघतं."

"कापायला लागत न्हाई?"

"नाही."

"तेजाब?"

"तेही नाही. नुसता किरण टाकायचा."

तात्या कितीतरी वेळ यंत्राकडे पाहत राहिले. त्यांच्या धंद्यात सोनं पारखायचं म्हणजे त्यातलं थोडं घालवायचं. कसोटीवर घासा, तेजाबात टाका, नाहीतर आगीत घाला. ते म्हणाले, "म्हंजी काय गमवायला लागत न्हाई. लय भारी काम हाय की."

मीही मान डोलावली होती. काही गमवावं लागत नाही, हे तेव्हा मलाही खरं वाटत होतं.

खरं तर आमच्या यंत्राला काही दिसत नाही. दिसणं वेगळं. किरण पदार्थावर पडतो, आतल्या अणूंना धडकतो आणि वाट सोडून इकडेतिकडे फेकला जातो. याला आम्ही विकिरण म्हणतो. एकट्या अणूने फेकलेला किरण सगळीकडे विखुरतो, कुणाच्या हाती काही लागत नाही. पण असंख्य अणू ठरावीक अंतरावर रांगेत उभे असले तर त्यांनी फेकलेले किरण काही मोजक्या दिशांना एकमेकांच्या हातात हात घालून बाहेर पडतात, आणि उरलेल्या दिशांना एकमेकांना पुसून टाकतात. यंत्राचा एक हात या पदार्थाभोवती सावकाश फिरतो आणि कुठल्या कोनात किती आलं ते मोजत जातो. जिथे पुष्कळ येतं तिथे कागदावर रेषा उभी राहते. रेषांवरून आम्ही ओळखतो की आत रांगा कशा होत्या. वस्तू आम्ही पाहतच नाही. तिच्यामुळे कोण कोण वाटेवरून ढळलं, तेवढं मोजतो.

त्यातही निम्मं हरवतं. किरण किती आला हे मोजता येतं, पण तो कुठल्या लयीत आला, त्याचं पाऊल पुढचं होतं की मागचं, हे मोजायची सोय नाही. ते परत मिळवण्यासाठी जगभरच्या हुशार माणसांनी नाना युक्त्या लढवल्या आहेत. मी वर्गात हा भाग शिकवतो तेव्हा मुलं वहीत 'फेज हरवते' असं लिहितात आणि खाली दोन रेघा मारतात. पूर्वी मीही ते तितक्याच कोरडेपणाने सांगायचो.

त्या एप्रिलमध्ये घरचे सगळे साताऱ्यात होते आणि मी सांगलीत अडकलो होतो. जिल्ह्याच्या हद्दीवर पास लागत होता. दिवसभर रुग्णवाहिका जात. सुरुवातीला लोक खिडकीत येऊन पाहत, नंतर कुणी पाहिनासं झालं. यंत्राचा पाण्याचा पंप अधूनमधून चालवावा लागतो, नाहीतर तो जाम होतो, म्हणून मी एक दिवसाआड कॉलेजात जायचो. बंद इमारतीत आपल्याच चपलांचा आवाज मागून आल्यासारखा येतो. मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही. तरी त्या दिवसांत जिन्यावर मी दोनदा मागे वळून पाहिलं आहे, आणि दोन्ही वेळा मागे कुणी नव्हतं याचं मला बरं वाटलं नाही.

तात्या आले ते दुपारी. फोनवर एवढंच म्हणाले होते, "सर, तुमच्या मशीनचं काम हाय." मास्कवरचे डोळे मी ओळखले, पण माणूस निम्मा झाला होता. प्रयोगशाळेच्या दारातच उभे राहिले. "संजू गेला," ते म्हणाले.

मी काहीतरी बोललो. त्या दिवसांत आपण सगळेच एकसारखं काहीतरी बोलत होतो.

हकीकत त्यांनी उभ्याउभ्याच सांगितली. संजू तिकडेच आजारी पडला आणि तिकडेच गेला. घरच्या कुणाला जाता आलं नाही. दहन तिथल्या लोकांनी केलं. अस्थींचं मडकं आणायला गाडी मिळेना. शेवटी दुकानातला एक माणूस गावाकडे येणाऱ्या जीपमध्ये बसला. त्याच जीपमध्ये आणखी एक मडकं होतं. जत तालुक्यातला मायाप्पा म्हणून एक मुलगा त्याच शहरात बोअर मारायच्या गाडीवर कामाला होता, त्याचं. दोन्ही मडकी सारखी, दोन्हींची तोंडं पांढऱ्या फडक्याने बांधलेली, दोन्हींना नावाची चिठ्ठी.

"मग?"

"वाटंत नाक्यावर कुनीतरी गाडीवर औषध मारलं. आत-भाईर, सगळीकडं. मडक्यांवरबी. चिठ्ठ्या भिजल्या, शाई निघून गेली." त्यांनी खिशातून एक सुकून कडक झालेला कागद काढला. त्यावर निळसर डाग होता आणि डागात तमिळ अक्षरांचे दोन-तीन वळसे उरले होते. "बोलाय येतं मला. वाचाय येत न्हाई. आमच्या घरात ह्ये वाचनारा येकच व्हता."

तो कागद त्यांनी तसाच धरून ठेवला.

जीपवाल्याने अंदाजाने एक मडकं विट्याला उतरवलं आणि एक जतला नेलं. जतच्या लोकांनी तिसऱ्या दिवशी आपलं सगळं उरकलं. विट्यात मात्र संजूच्या आईने हात जोडले. कुणाचं आहे हे कळल्याशिवाय मडक्याला हात लावू देणार नाही, म्हणाली. अस्थी घराच्या आत घेत नाहीत, म्हणून मडकं रानातल्या चिंचेला टांगलं होतं आणि ती दिवस दिवस चिंचेखाली बसत होती. मध्येच म्हणायची, संजू गेलाच नसेल, दुसराच कुणी असेल, फोन करून बघा. त्याचा फोन लागायचा नाही. तरी लावायची.

"तात्या," मी म्हणालो, "हे यंत्र नाव सांगत नाही."

"तवा तर म्हनले व्हते, कुंडली मांडतं."

"ते भाषण होतं."

"नाव नगंच मला. संजू पोरगा असल्यापासून गलाईत हाय. सोन्याच्या धुराडात वाढलेला. आमी दुकानातली धूळसुद्धा टाकत न्हाई सर. केर जाळतो, पायपुसनं जाळतो, अंगावरची कापडं जाळतो, त्यातनं सोनं निघतंय. मानसाच्या छातीत, हाडात गेलं नसंल व्हय? आन् त्यो जतचा पोरगा बोअरवर. त्येच्यात निस्ता दगड. सोनं गावलं तर संजू. न्हाई गावलं तर..." पुढचं त्यांनी सोडून दिलं.

विचार चुकीचा होता, पण वेडा नव्हता. मी समजावलं, की श्वासातून गेलंच असेल तर ते इतकं थोडं असेल की आमच्या यंत्राला पत्ता लागणार नाही. याला शंभरात एखादा भाग तरी लागतो. तात्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "सोनं काढायचं मला येतं की. घरात तेजाब हाय, भट्टी हाय. पन पोराला तेजाबात घालू का सर? तुमच्यात जळत न्हाई, विरघळत न्हाई. न्हाई दिसलं तर न्हाई. बगायला काय जातंय?"

मी यंत्र सुरू केलं.

त्यांनी खिशातून पुडी काढली. सराफाकडे सोनं बांधतात तशी, कागदाच्या घड्या एकमेकांत अडकवलेली. आत चिमूटभर राख होती आणि राखेत पांढरट कण. मडकं आणि संजूची आई बाहेर गाडीत होती. अस्थी इमारतीत न्यायच्या नाहीत म्हणून ती आत आली नव्हती, आणि मडकं एकटं सोडायचं नाही म्हणून ती खाली उतरली नव्हती. मी पांढरे कण खलात घोटले. खलबत्त्याचा आवाज रिकाम्या प्रयोगशाळेत फार मोठा होतो. तात्यांनी तोंड फिरवून खिडकीकडे केलं. पूड ताटलीच्या खळग्यात पसरली, काचेने दाबली. खळगा भरला नाही. जेमतेम तळ झाकला गेला.

दार बंद केलं, लाल दिवा लागला, यंत्राचा हात हलू लागला.

"सोन्याची रेघ कुठं येती?" तात्यांनी विचारलं. मी पडद्यावर बोट ठेवून जागा दाखवली, अडतीस अंशांच्या जरा पुढे. त्यांनी स्टूल पुढे ओढलं आणि त्या जागेवर डोळे लावून बसले. आलेख डावीकडून उजवीकडे येतो, सावकाश. वाट पाहणाऱ्या माणसाला तो फारच सावकाश वाटतो.

सव्वीसच्या पुढे एक लहान रेषा उभी राहिली. वाळूची. "ही कसली?" मी सांगितलं, जमिनीवरून गोळा केलेल्या प्रत्येक गोष्टीत ही असते. "दगुड न्हवं?" ते पटकन म्हणाले. मी म्हणालो, "दगडच, पण तुमच्या-माझ्या चपलांवरचासुद्धा." त्यांनी बोट अडतीसवर नेऊन ठेवलं.

मग बत्तीसच्या आसपास हाडाच्या रेषा आल्या, आणि मी स्वतः पुढे झुकलो. हाडात एक खनिज असतं. जिवंतपणी त्याचे स्फटिक इतके बारीक असतात की त्यांच्या रेषा स्पष्ट येत नाहीत, एकमेकींत मिसळून एक धूसर टेकाड होतं. माणूस चालतो, वाकतो, ओझी उचलतो ते या धूसरपणाच्या बळावर. आगीत स्फटिक वाढतात, रांगा सरळ होतात, आणि त्या एका टेकाडाच्या जागी तीन रेषा वेगवेगळ्या उभ्या राहतात. हे मी पुस्तकात वाचलं होतं, जनावराच्या हाडावर करूनही पाहिलं होतं. पण शेजारी बाप बसलेला असताना त्या तीन रेषा एकामागून एक वर येताना पाहिल्या तेव्हा मला वाटलं, ज्याला आपण नीटनेटकं म्हणतो ते मेल्यावरच येत असावं.

तात्यांचं तिकडे लक्ष नव्हतं. त्यांचं बोट अडतीसवर होतं.

आणि तिथे रेषा आली.

आधी खालची ओळ थरथरली, मग वर चढली, आणखी चढली, आणि त्यांच्या बोटाखालून निघून बोटाच्या वर गेली. तात्या काही ओरडले नाहीत. हळूच म्हणाले, "आली."

मला ते काय आहे हे त्याच क्षणी कळलं होतं. निसर्गाने या बाबतीत एक वाईट थट्टा केली आहे. सोन्यातले अणू जेवढ्या अंतरावर उभे असतात जवळजवळ तेवढ्याच अंतरावर ॲल्युमिनियमचेही असतात. दोघांच्या रेषा एकमेकींच्या इतक्या शेजारी येतात की घाईत माणूस फसतो. आमची ताटली ॲल्युमिनियमची. पुडीचा थर पातळ होता, किरण तिच्यातून पार जाऊन ताटलीला लागला होता. मी त्या वेळी गप्प राहिलो असतो तर दोन माणसं सुखाने घरी गेली असती. मला सत्याचा फार पुळका आहे अशातला भाग नाही. उद्घाटनाच्या दिवशी मीही टाळ्या वाजवल्याच होत्या. पण आयुष्यभर पोरांना 'आधी रिकामी ताटली' सांगितलेलं तोंड अशा वेळी आपोआप उघडतं.

"तात्या, ती ताटलीची असणार."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता. बाजारात कुणी खोटं नाणं हातात दिलं की माणूस जसा पाहतो, तसं पाहिलं. "दावा," ते म्हणाले.

रिकामी ताटली लावायची तर आधी ती रिकामी करायला हवी. मी हात पुढे केला तर त्यांनी माझा हात बाजूला सारला. वरच्या खिशातून मऊ केसांचा लहानसा ब्रश काढला. दुकानात टेबलावर सांडलेले सोन्याचे कण गोळा करायला असतो तो. ताटली कागदावर तिरकी धरून त्यांनी ती झाडायला सुरुवात केली. खळग्याच्या कडा, कोपरे, मागची बाजू. मग खल झाडला, बत्त्याचं टोक झाडलं, काच झाडली, आणि शेवटी ब्रशच कागदावर टिचकी मारून झाडला. मी इतक्या हळुवारपणे कुणालाही काही झाडताना पाहिलेलं नाही. पुडी पुन्हा बांधून त्यांनी खिशात ठेवली आणि वर हात ठेवला.

रिकामी ताटली आत गेली. पुन्हा लाल दिवा, पुन्हा तो हात. या वेळी वाळू आली नाही. बत्तीसवर काही उभं राहिलं नाही. अडतीसवर मात्र रेषा आली, आधीच्याहून उंच.

"रिकाम्या ताटलीलाबी येतीय व्हय," तात्या म्हणाले.

बराच वेळ आम्ही दोघं तिच्याकडे पाहत होतो. आत काहीही नसताना इतकी ठसठशीत रेषा.

बाहेर आलो तेव्हा ऊन कलतं होतं. गाडीची काच खाली होती. संजूच्या आईच्या, काकींच्या, मांडीवर मडकं होतं, त्यावर दोन्ही हात. तात्यांनी दार उघडून पुडी त्यांच्या हातात दिली आणि म्हणाले, "न्हाई कळत."

त्या रडल्या नाहीत. तात्यांकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. मला म्हणाल्या, "सर, मग काय दिसलं तुमास्नी?"

"सोनं नाही दिसलं काकी. हाड दिसलं."

"आन्?"

छापलेला आलेख माझ्या हातात होता. म्हणालो, "हाड नीट जळलं नसेल तर इथे एकच बसकं टेकाड येतं. नीट जळलं असेल तर तीन वेगळ्या रेषा येतात."

"किती आल्यात?"

"तीन."

"बगू."

मी कागद खिडकीतून दिला. त्यांनी त्या तीन रेषांवरून बोट फिरवलं, एकेकीवरून, खालून वर. मग म्हणाल्या, "म्हंजी नीट जळलंय न्हवं? अर्दंमुर्दं न्हाई न्हवं ऱ्हायलं? लोकं काय काय सांगत्यात सर. कुनी बगितलं नसंल, कुनी थांबलं नसंल. तिकडं आपलं कुनी न्हवतं."

"नाही काकी. पूर्ण झालंय. कुणीतरी नीट केलंय."

या यंत्राने आजवर अनेक शोधनिबंधांना आकड्यांचा पुरवठा केला आहे. एखाद्या माणसाला हवं होतं ते उत्तर त्याने दिलं ते त्या दिवशी, आणि तो प्रश्न आमच्यापैकी कुणाला सुचला नव्हता.

काकींनी पुडी उघडली, मडक्याचं फडकं सैल केलं आणि आतली राख आत परत घातली. कागद उलटा करून दोनदा झाडला. मग तात्यांना विचारलं, "जतच्यांनी कुठं घातली वो?"

"रानात. खड्डा काढून घातली, वर कडूलिंब लावला म्हनं."

"मग आपुनबी रानात घालू. लिंबच लावायचा."

"कृष्णंला न्यायचं ठरलं व्हतं की."

"नगं. हितं संजू असला तर हाय हितंच. आन् तिकडं गेला असला तर त्येच्यावर झाड हाय. ह्यो मायाप्पा असला तर आपल्या घरासारखंच झालं म्हनंल." त्यांनी फडक्याची गाठ मारली. "चला. अंधाराच्या आत पोचू."

गाडी गेली. मी परत वर जाऊन पंप बंद केला. मास्कमधूनही गंधकाचा वास येत होता असं मला आठवतं, पण त्या वर्षी एसट्या बंद होत्या आणि तासगाव इथून लांब आहे, तेव्हा तो कुठून येणार? आठवणीतही रिकाम्या ताटल्या असतात.

साताऱ्याला जाताना मी आता वाट वाकडी करून विट्यावरून जातो. लिंब चांगला वाढला आहे. तात्या उन्हाळ्यात गाडीत पाण्याचे कॅन घालून जतला जाऊन येतात. तिकडे टँकर येतो, पण टँकरचं पाणी झाडाला घालायला त्या लोकांचा जीव होत नाही. मायाप्पाचा बाप मेंढरं घेऊन हिंडतो. निम्मं कानडी, निम्मं मराठी बोलतो. वर्षातून एकदा विट्याला येतो, लिंबाच्या बुंध्याला टेकून बसतो आणि चहा घेऊन जातो. कुणी कुणाला काही विचारत नाही. मागच्या खेपेला काकींनी मला चहा दिला. इकडच्यातिकडच्या गप्पा झाल्या. मी म्हणालो, "झाड झकास झालंय." त्या म्हणाल्या, "जतचा ह्याच्यापरीस उंच गेलाय. निस्ता खडक हाय तिकडं, तरीबी." कप उचलता उचलता त्या पुढे म्हणाल्या, "संजू बारका असल्यापासनं लय लवकर वाढायचा."

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. समोरच्या लिंबाची पानं हलत होती. याही झाडाला काकी पाणी घालतात, रोज, हाताने.

आज परीक्षा होती. तासगावची एक मुलगी पहिल्या नंबरला. केसांना, ओढणीला धुरीचा वास. तिने ताटली कापसाने पुसली, काचेच्या दारामागे बसवली, यंत्र सुरू केलं आणि माझ्यासारखीच पडद्याकडे पाहत उभी राहिली. परीक्षक बाहेर चहा घेत होते. आलेख सरकत बत्तीसवर, हाडाच्या जागेवर आला तेव्हा खालच्या ओळीवर बारीकशी चढण दिसली. वर्षानुवर्षं वापरलेल्या ताटलीला चरे पडतात. चऱ्यांत काही अडकतं आणि ते ब्रशने निघत नाही, कितीही माया लावून झाडलं तरी. एवढ्याशा चढणीवरून कुणाला काही सिद्ध करता येणार नाही. कुणी नंतर दाताची पूड लावली असेल, खडूची असेल, किंवा नुसता मोजणीचा गोंगाट असेल. त्या एप्रिलमधल्या रिकाम्या आलेखातही मला ती दिसली नव्हती. पण तेव्हा आम्ही दोघं अडतीसवर पाहत होतो. नवी ताटली कपाटात आहे, वेष्टनासकट. नियमाप्रमाणे कधीच बदलायला हवी होती.

मुलीच्या लक्षात आलं. हुशार आहे. म्हणाली, "सर, ताटली रिकामी आहे ना? मग हे कुणाचं?"

मी चष्मा काढून पुसत राहिलो.

"परत पुसून लावू का?" तिने विचारलं. कापूस तिच्या हातात तयार होता.

"नको," मी म्हणालो. "पुसू नकोस."